मोठ्या माणसांनी दान द्यायलाच हवं का?



पूर आला, गारपीट झाली, नाहीतर कुणाच्या लेकराच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवायची वेळ आली, की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास निघतं. "त्या क्रिकेटवाल्याकडे कोटी कोटी रुपये आहेत, त्या नटाकडे बंगले आहेत. त्यांनी द्यायलाच पाहिजेत." लगेच दुसरी कुणी म्हणते, "त्यांनी कष्टानं मिळवलेत, आपण कोण मागणारे?" यावर बराच वेळ बोलणं होतं. शेवटी दोघी आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि विषय तिथंच राहतो.

मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी लागली, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर झालं. अक्षय कुमार यांनी २५ कोटी रुपये जाहीर केले. सचिन तेंडुलकर यांनी ५० लाख दिले, त्यातले निम्मे पंतप्रधानांच्या आणि निम्मे मुख्यमंत्र्यांच्या मदत निधीला. बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधू यांनी १० लाख दिले. मग फोनवर याद्या फिरायला लागल्या. कुणी किती दिले, कुणी कमी दिले, कुणाचं नावच नाही. देणाऱ्यांनाही बोल लागले आणि न देणाऱ्यांनाही.

म्हणून आजच्या कार्यक्रमात आपण हा प्रश्न नीट सोडवून बघू. मोठ्या खेळाडूंवर, नटनट्यांवर दान देण्याचं बंधन आहे का? कायद्यानं आहे का? माणुसकीनं आहे का? आणि यात आपलं, गावातल्या बायकांचं, काय पणाला लागलंय?

तीन प्रकारचे पैसे

आपल्या गटाचाच हिशेब डोळ्यांसमोर आणा. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला भरावाच लागतो, त्यात मर्जीचा प्रश्न नाही. दुसरे पैसे ठरावाचे. गटानं ठराव केला की कर्जाच्या व्याजातला अमुक भाग सामाजिक कामाला द्यायचा, तर तो द्यावा लागतो, कारण आपण तो कबूल केलाय. तिसरे पैसे मनाचे. एखादीच्या घरात दुःख झालं, कुणी शंभर दिले, कुणी पाचशे, कुणी भाकरी घेऊन गेली. त्याची वहीत नोंद नसते आणि कुणी कुणाला विचारत नाही.

मोठ्या माणसांच्या पैशातही हेच तीन भाग असतात: कर, बंधनाचा खर्च आणि दान. आपण तिन्हींना सरसकट 'दान' म्हणतो, तिथंच वादाला सुरुवात होते.

कर: हा हप्ता आहे

मोठ्या उत्पन्नाच्या माणसाला वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर ३० टक्के आयकर लागतो. उत्पन्न ५० लाखांच्या पुढं गेलं की त्या करावर अधिभार चढतो, आणि उत्पन्न वाढेल तसा तोही वाढतो. महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात, २०२३ साली, सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना हिला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. आपल्या छाती अभिमानानं फुगल्या. पण तो सगळा पैसा घरी जात नाही. त्यातला मोठा वाटा कर म्हणून सरकारकडे जातो, आणि त्यातूनच रस्ते, शाळा, दवाखाने, रेशन चालतं.

म्हणजे मोठ्या माणसाचं पहिलं देणं हे आहे की त्यानं कर पूर्ण आणि वेळेवर भरावा. ते दान नाही आणि त्यासाठी हार घालायची गरज नाही. उलट एखाद्यानं कर चुकवला आणि देवळाला, शाळेला मोठी देणगी देऊन फोटो काढला, तर तो हप्ता बुडवून हळदीकुंकवाला चांदीच्या वाट्या वाटणाऱ्या बाईसारखाच झाला.

आणि कर आपणही भरतो, हे विसरू नका. साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा, मोबाइलचं रिचार्ज, सगळ्यात जीएसटी असतो. म्हणून सरकारी दवाखान्यात किंवा शाळेत गेल्यावर आपण कुणाच्या दारात मागायला गेलेलो नसतो.

बंधन: कायद्यानं ठरवून दिलेला खर्च

आता दुसरा भाग. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना समाजकार्यावर खर्च करावाच लागतो. यालाच सीएसआर म्हणतात. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा मालमत्तेचं निव्वळ मूल्य ५०० कोटी आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के शाळा, आरोग्य, पाणी, उपजीविका अशा कामांवर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे.

हा नियम कंपनीला आहे, माणसाला नाही. खेळाडूच्या किंवा नटाच्या स्वतःच्या कमाईला २ टक्क्यांचं असं कुठलंही बंधन नाही. त्यांच्या मालकीची कंपनी असेल आणि ती या मर्यादेत बसत असेल, तर तेवढं त्या कंपनीला लागू होतं.

बंधनाचं दुसरं उदाहरण आपल्या जास्त कामाचं आहे, म्हणून इथं जरा थांबू. आपल्या राज्यात अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय विश्वस्त संस्थांची आहेत. त्यांना करात आणि इतर बाबतींत सवलती मिळतात. त्या बदल्यात मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. निर्धन रुग्णाकडून दाखल करून घेताना अनामत रक्कम मागायची नसते. तातडीची वेळ असेल तर आधी दाखल करून जीव वाचवण्याचे उपचार करायचे असतात. त्यासाठी रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून चालू मर्यादा रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे किंवा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारून घ्या.

आता बघा. गावातल्या मुलीच्या ऑपरेशनचा खर्च ऐकून सगळे म्हणतात, "अमक्या नटाला पत्र लिहा, तो मदत करतो." पत्र लिहायला हरकत नाही. पण त्या पत्राला उत्तर येईल की नाही, हे त्या नटाच्या मनावर. धर्मादाय रुग्णालयातली खाट मात्र कुणाच्या मनावर नाही, ती नियमानं ठेवलेली आहे. आधी आपल्या हक्काचं दार वाजवायचं, मग दात्याचं. हा क्रम उलटा झाला की पत्राच्या उत्तराची वाट बघण्यात दिवस जातात, आणि आजार वाट बघत नाही.

दान: मनाचा भाग

कर भरला, कंपनीचं बंधन पाळलं, त्यानंतर जे उरतं त्यातून द्यायचं की नाही, किती, कुणाला, हे कायद्यानं त्या माणसावर सोडलंय. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: दान देण्याचं कायदेशीर बंधन नाही.

दान दिल्यावर सरकार करात सवलतही देतं. आयकर कायद्यातल्या '८० जी' या कलमावरून ही सवलत ओळखली जाते. समजा ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या एका नटानं मुख्यमंत्री सहायता निधीला १०० रुपये दिले. तो जुन्या करपद्धतीनं विवरण भरत असेल, तर ते पूर्ण १०० रुपये त्याच्या उत्पन्नातून वजा होतात आणि त्याचा ३० रुपये कर वाचतो. निधीला १०० मिळाले, पण त्याच्या खिशातून गेले ७०. उरलेले ३० सरकारी तिजोरीनं, म्हणजे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी, सोसले. बऱ्याच संस्थांना दिलेल्या देणगीवर यापेक्षा कमी, निम्म्या रकमेवर सवलत मिळते, आणि नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. सवलत घेणं काही गैर नाही. पण देणगीत आपलाही थोडा वाटा असेल, तर ती कुठं गेली हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

माणुसकीनं काय म्हणायचं?

कायदा झाला. आता माणुसकीकडे येऊ, कारण बैठकीतला खरा वाद तोच असतो.

'देऊ नये तर नको' म्हणणाऱ्यांचंही म्हणणं ऐकून घेऊ. खेळाडूची कमाईची वर्षं थोडी असतात. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांचा खेळ संपतो, गुडघा किंवा खांदा गेला तर त्याआधीच. मागं आईबाप, भावंडं, कधी सगळं गोत अवलंबून असतं. आणि क्रिकेट सोडलं तर किती खेळाडू श्रीमंत असतात? पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पदक मिळालं तेव्हा तो रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला होता. नाव मोठं झालं म्हणजे तिजोरी भरली असं नसतं.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. मोठ्या माणसाची कमाई एकट्याच्या कष्टाची नसते. आपण सामने बघतो, तिकिटं काढतो, त्यानं जाहिरात केलेलं तेल विकत घेतो, म्हणून त्याला पैसे मिळतात. मैदान बऱ्याचदा सरकारी जागेवर असतं, बंदोबस्ताला पोलीस असतात, शिकवायला कुणी गुरुजी असतात. तेव्हा समाजाचं काहीतरी त्याच्याकडे बाकी राहतंच.

या 'बाकी'चं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं ठरलं, पण पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा गेले, आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक, कांस्य, घेऊन आले. कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरवले, स्वतः लढले आणि जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं.

खाशाबा कोट्यधीश नव्हते. पुढं पोलीस खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही त्यांना हालच काढावे लागले. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणानंतर. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की घर सोडवून द्या. कायदा नव्हता, यादी फिरत नव्हती. पण ज्यांच्या आधारावर आपण उभे राहिलो त्यांचं देणं फेडायचं, एवढं त्यांना कळत होतं.

आमचं मत असं की माणुसकीचं बंधन इथूनच येतं. 'तुझ्याकडे खूप आहे म्हणून दे' या म्हणण्यात हेव्याचा वास येतो. 'तुला उभं करणाऱ्यांचं देणं तुझ्याकडे आहे' हे म्हणणं जास्त न्यायाचं आहे. ते देणं पैशानंच फिटतं असंही नाही. गावच्या तालमीत महिन्यातून दोन दिवस शिकवणारा पैलवान, जिल्ह्यातल्या मुलींना धावण्याचे बूट मिळवून देणारी धावपटू, हेही फेडतातच.

आणि मोजायचं झालंच तर आकडा मोजू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आजच्या कोटींच्या यादीत ती रक्कम शेवटची येईल. पण दिल्यावर मागं काय उरलं, हे बघितलं तर पहिलं नाव त्यांचं लागेल.

नाव, पैसा आणि घाम

मोठ्या माणसाकडे पैशाशिवाय आणखी एक भांडवल असतं, ते म्हणजे नाव. महाराष्ट्रातली दोन कामं आठवा.

२०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींना १५,००० रुपयांचे धनादेश द्यायला सुरुवात केली. त्यातून नाम फाउंडेशन उभं राहिलं. दोघांचं नाव बघून गावोगावच्या साध्या माणसांनीही त्यात पैसे घातले. शिवाय त्या बायकांचं दुःख, त्यांच्या नावावर नसलेली जमीन, डोक्यावरचं कर्ज, हे सगळं टीव्हीवर आलं. नुसत्या धनादेशानं हे घडलं नसतं.

दुसरं आमिर खान आणि किरण राव यांचं पानी फाउंडेशन. २०१६ साली वॉटर कप स्पर्धा सुरू झाली ती वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत. गावकऱ्यांना पाणलोटाचं प्रशिक्षण दिलं आणि उन्हाळ्यात ४५ दिवस श्रमदान झालं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं ५० लाखांचं पहिलं बक्षीस मिळवलं. पुढच्या वर्षांत ही स्पर्धा पंचाहत्तरच्या वर तालुक्यांत पोचली. मोठ्या देणगीदारांनी पैसा दिला, भारतीय जैन संघटनेनं यंत्रं दिली, सरकारी यंत्रणा सोबत होती. पण पहाटे कुदळ-पाटी घेऊन डोंगरावर कोण गेलं? तुमच्यासारख्या बायका आणि त्यांच्या घरची माणसं. नटानं नाव दिलं, दात्यानं पैसा दिला, गावानं घाम दिला. कौतुक करायचं तर तिघांचं करावं.

यातही दोन गोष्टी डोळसपणे बघायच्या. एक, बांध झाला तरी पाऊस पडावा लागतो आणि साठलेलं पाणी जपून वापरावं लागतं. नट निघून गेल्यावर विहिरीचं पाणी कुणी किती उपसायचं, हा प्रश्न गावालाच सोडवावा लागतो. दोन, कुठला पैसा कुणाचा हे नीट ओळखायचं. सचिन तेंडुलकर राज्यसभेचे खासदार असताना त्यांनी धाराशिव जिल्ह्यातलं डोंजा गाव आदर्श ग्राम योजनेत दत्तक घेतलं. त्यासाठी खासदार निधी वापरला. तो निधी सरकारचा, म्हणजे जनतेचा असतो. तो चांगल्या कामाला लावणं हे खासदाराचं कर्तव्य. आणि २०१८ साली मुदत संपल्यावर त्यांनी खासदारकीचा सगळा पगार आणि भत्ते, सुमारे ९० लाख रुपये, पंतप्रधान मदत निधीला दिले, ते मात्र दान. दोन्ही चांगलंच, पण एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नये.

आपल्यापुरतं काय ठरवायचं?

गटातही एखादी सुस्थितीतली असते. नवरा नोकरीला, शेतात पाणी. वर्गणी काढताना सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळतात. तिनं जास्त द्यावं असं वाटणं साहजिक आहे. पण चारचौघींत बोलून, टोमणे मारून काढलेल्या पैशाला दान म्हणता येत नाही. उलट ती पुढच्या बैठकीला यायचं टाळते. त्यापेक्षा कमीत कमी रक्कम सगळ्यांना सारखी ठरवा आणि जास्तीचं ज्याच्या त्याच्या मनावर सोडा. जिला पैसे जमत नाहीत तिची मेहनत मोजा. नावांपुढं आकडे लिहून फळ्यावर लावू नका, पण एकूण जमा आणि खर्च मात्र नक्की वाचून दाखवा.

मोठ्यांच्या मदतीबाबत चार गोष्टी वहीत लिहून ठेवा.

१. मदत मागण्याआधी विचारायचं: ही गोष्ट आपल्या हक्काची आहे का? रुग्णालयाची खाट, रेशन, शिष्यवृत्ती, विधवा पेन्शन यांचा अर्ज आधी. आधार लागला तर ग्रामसंघाला सोबत घ्या.

२. एखाद्या कामासाठी पैसा हवा असेल तर एकट्या नटाच्या मागं लागण्यापेक्षा जवळच्या कारखान्याच्या सीएसआर विभागाकडे ग्रामसंघाचा ठराव आणि खर्चाचं अंदाजपत्रक घेऊन जा. तो खर्च त्यांना कुठंतरी करायचाच असतो.

३. कुठल्याही संस्थेला पैसे देताना किंवा तिच्याकडून घेताना नोंदणी क्रमांक विचारा आणि पावती घ्या. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला दरवर्षी तपासलेला हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. संस्थेला कितीही मोठं नाव जोडलेलं असलं तरी हा नियम सुटत नाही.

४. "अमक्या नटाच्या संस्थेकडून तुमच्या गटाला एक लाख मंजूर झालेत, आधी दोन हजार नोंदणी फी भरा," असा फोन किंवा मेसेज आला तर पैसे भरू नका. ओटीपी सांगू नका. देणारा माणूस आधी पैसे मागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवा.

तर मैत्रिणींनो, मोठ्या खेळाडूंनी आणि कलावंतांनी द्यावं का? आमचं उत्तर असं: कर द्यायलाच हवा, बंधन असेल तिथं ते पाळायलाच हवं, आणि दान द्यावं, पण ते आपण हिसकावून घेऊ नये. त्यांनी दिलं तर मोकळेपणानं धन्यवाद म्हणू आणि हिशेबही मागू. नाही दिलं तर शिव्या न देता आपल्या हक्काचा अर्ज घेऊन तहसीलला जाऊ.

पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते गोळा करून झाले की पंधरा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या भागात धर्मादाय रुग्णालय कुठलं आहे, हे गटातल्या किती जणींना माहीत आहे तेवढं विचारून बघा. नाव कळलं की ते इतिवृत्ताच्या वहीच्या पहिल्या पानावर, रुग्णालयाच्या फोन नंबरसकट लिहून ठेवा.